जुनी मोटारसायकल आणि घेणाऱ्याची जीभ



देवाच्या कृपेने आपल्या धर्मग्रामाची मोटारसायकल आता सुरळीत चालू आहे. "कोणती घेतली, केवढ्याला पडली, कशी बघून घेतली?" असे बऱ्याच जणांनी विचारले. शेजारच्या धर्मग्रामातील धर्मशिक्षकांनाही जुनीच गाडी घ्यायची आहे. म्हणून जे शिकलो ते सविस्तर लिहीत आहोत. गाडीविषयी शिकलो तेही आणि स्वतःविषयी शिकलो तेही. दुसरे लिहिताना हात जड होतो, पण ते गाळून फक्त पहिले लिहिले तर हा लेख अर्धा खोटा होईल.

आपले धर्मग्राम बेळगाव जिल्ह्यातले. चर्चभोवती राहणारी कुटुंबे थोडी. बाकीची खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर विखुरलेली. तिथे जून ते सप्टेंबर पावसाला खंड नसतो. मुख्य रस्ता सोडला की लाल मातीची वाट, मध्ये एखादा ओढा, आणि संध्याकाळनंतर बसचा भरवसा नाही. धर्मशिक्षणाचे वर्ग, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद, कुठे मयत झाली तर रात्रीची प्रार्थना, यांसाठी आम्ही दोघे धर्मशिक्षक एका जुन्या स्कूटरवर फिरत होतो. गेल्या पावसाळ्यात तिने मान टाकली. दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त निघाला.

फादरांनी रविवारी मिस्सानंतर ही अडचण सांगितली. तीन महिन्यांत ४५,००० रुपये जमले. त्यात कुणाचे काजूबियांचे पैसे होते, कुणाचे दुधाचे. एका म्हाताऱ्या बाईने दर रविवारी दहा-दहाची नोट दिली. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा आपण शुभवर्तमानात वाचतो, तेव्हा ती फार लांबची वाटते. पण असे पैसे आपल्या हातात मोजायला आले की अंगावर काटा येतो. खरेदीचे काम आम्हा दोघांवर आणि समितीच्या खजिनदारांवर सोपवले गेले. या लेखात "आम्ही" म्हणजे आम्ही तिघे.

बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. आम्हीही आधी कागद घेऊन बसलो. गाडी कशी हवी? दोन माणसे आणि मागे पेटी घेऊन चढ चढणारी. चिखलात एकट्याने आवरता येईल अशी. वाटेत बंद पडली तर खेड्यातल्या मेस्त्रीलाही दुरुस्त करता येईल अशी. म्हणजे एका सिलेंडरची, मधल्या आकाराची, दीडशे ते साडेतीनशे सीसीची. एक सिलेंडर म्हणजे एक पिस्टन आणि साधारणपणे एकच कार्बोरेटर. बिघडायला जागा कमी आणि बिघाड शोधायला सोपा. सुटे भाग स्वस्त आणि बहुतेक ठिकाणी मिळणारे.

मन पहिल्यांदा बुलेटकडेच गेले. खोटे कशाला बोला, आम्हा तिघांनाही तिच्या आवाजाची ओढ आहे. जुन्या क्लासिक ३५० चे इंजिन ३४६ सीसीचे. कमी वेगातही ते जोर देते, त्यामुळे चढावर सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. पण तिचे वजन १९० किलोंच्या आसपास. दीडशे सीसीच्या होंडा युनिकॉर्नचे सुमारे १४५. हा ४५ किलोंचा फरक डांबरी रस्त्यावर कळत नाही, ओढ्याच्या काठावर चाक रुतले की कळतो. दुसरा हिशेब पेट्रोलचा. आमचे फिरणे महिन्याला ६०० किलोमीटर. लिटरला ३५ धरले तर १७ लिटर लागते, ५० धरले तर १२. म्हणजे महिन्याला पाच लिटर, वर्षाला साठ. आणि आमच्या रकमेत साडेतीनशेची चांगली गाडी मिळतच नव्हती, खूप जुनी आणि खूप खर्चाची मिळत होती. म्हणून बुलेटचा विचार सोडला.

आमच्या ओळखीचे एक वयस्क मेस्त्री आहेत. त्यांनी दुकान बंद ठेवून आम्हाला अर्धा दिवस शिकवले. ते इथे देतो, कारण अनेकांना उपयोग होईल.

गाडी बघायला जाताना आधी सांगावे की इंजिन गरम करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावून पाहावा. थंड इंजिन कसे सुरू होते यावरून बरेच कळते. गरम इंजिन आपले दुखणे लपवते. सुरू झाल्यावर सायलेन्सरचा धूर पाहावा. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येऊन गेली तर काळजी नाही. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळते आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हकडचे काम आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, ते बहुधा कमी खर्चात सुटते. ऑइलची काडी काढून पाहावी. ऑइल काळे असणे चालते, पण दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे.

पुढचा फोर्क दाबून सोडावा आणि नळीवर ऑइल ओघळले आहे का पाहावे. गाडी मधल्या स्टँडवर लावून, पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवावे. मध्ये खटका लागला तर कोनसेट गेला. मागची चेन स्प्रॉकेटवरून बोटाने मागे ओढावी. दात अर्धा उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेट संपले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. "नवीन टायर" म्हणणाऱ्याचा टायर किती नवीन ते तिथे कळते. मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. पण ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, गिअरचा दांडा आणि सीट यांची झीज मागे फिरवता येत नाही. गाडी पंधरा हजार चालली म्हणतात आणि रबर गुळगुळीत झाले आहे, तर समजून जावे. तिसऱ्या गिअरमध्ये एकदम रेस द्यावी. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी तेवढी पळाली नाही तर क्लच घसरतो आहे. शेवटी मागे उभे राहून पुढची-मागची चाके एका रेषेत आहेत का ते पाहावे. चेसी वाकली असेल तर कितीही स्वस्त असो, नमस्कार करून परत यावे.

वर्षाचाही विचार करावा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला आणि बहुतेक गाड्या कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. ते चांगलेच आहे, पण बिघाड झाला तर तपासणीचे यंत्र लागते. आमच्या भागातल्या मेस्त्रींकडे ते नाही. म्हणून आम्हाला कार्बोरेटरची गाडी बरी वाटली. मात्र १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना ते नसते. तेव्हा जुनी गाडी घेतली तर ब्रेकवर खर्च करायला मागेपुढे पाहू नये.

कागदपत्रांचे सांगायचे तर चेसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीवर लिहिला आहे तोच गाडीवर आहे का, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ शिवाय पैसे देऊ नयेत. विक्रीनंतर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्यावेच. विकणाऱ्यालाही हे सांगावे, कारण नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी त्याच्या दारी येऊ शकते. आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. चंदगडकडे एका शिक्षकांची फार चांगली गाडी आम्ही पाहिली. एमएच-०९ ची. आपल्याला चंदगड परके नाही, सोयरीक तिकडे आणि बाजारही तिकडे. पण गाडीला सीमा असते. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर तिकडचा ना-हरकत दाखला आणून इथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि इथला करही भरावा लागतो. तो हिशेब धरल्यावर ती गाडी परवडेना. तसे त्या शिक्षकांना स्पष्ट सांगितले आणि चहा घेऊन परत आलो.

इथवर सगळे ठीक होते. आता पुढचे.

एका गावात एका तरुणाची गाडी विकायची आहे असे कळले. दोनशे सीसीच्या आसपासची, दिसायला देखणी. मेस्त्रींना त्या दिवशी वेळ नव्हता, आम्ही तिघेच गेलो. गाडी पाहताच कळले की ही आपल्या कामाची नाही. हँडल खाली, मागची सीट उंच, पेटी बांधायला जागा नाही. तिथेच हात जोडून निघायला हवे होते. पण मेस्त्रींकडून चार शब्द शिकून आलो होतो आणि ते वापरून पाहायची खाज होती. मुलाने ४६,००० सांगितले. त्याला पुढच्या शिक्षणाची फी भरायची होती. गाडी सुरू केली. आम्ही एकमेकांकडे पाहिले, मान हलवली आणि म्हणालो, "टायमिंग चेनचा आवाज येतोय. इंजिन उघडावं लागेल."

आवाज येत नव्हता. आम्हाला तर टायमिंग चेनचा आवाज कसा असतो तेही नीट ठाऊक नव्हते.

मुलाचा चेहरा उतरला. त्याने आत जाऊन आईला सांगितले. बाहेर येऊन म्हणाला, "चाळीसला घ्या मास्तर." सहा हजार एका वाक्यात खाली आले. आम्ही "विचार करून कळवतो" म्हणालो आणि निघालो. गाडी घ्यायची नव्हतीच. वाटेत खजिनदार म्हणाले, "बघा, बोलायला जमलं पाहिजे!" आणि आम्ही हसलो. हे हसणे आम्हाला विसरता येत नाही.

त्या रविवारी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांना आठवी आज्ञा शिकवायची पाळी आमचीच होती, खोटी साक्ष देऊ नये ती. मुलांना विचारले, "माणसं खोटं कधी बोलतात?" एकाने परीक्षेचे सांगितले, एकाने मोबाइलचे. आठ वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाजारात. आई भाजीवालीला म्हणते वांगी किडकी आहेत, आणि घरी येऊन बाबांना म्हणते कशी ताजी मिळाली बघा, तेही स्वस्तात." सगळा वर्ग हसला. आम्ही हसलो नाही.

घरी येऊन नीतिसूत्रांचा विसावा अध्याय उघडला. ते वचन आधीही वाचले होते, पण गमतीचे म्हणून. घेणारा माणूस वस्तूला नावे ठेवतो आणि घेऊन निघाला की आपल्या सौद्याची बढाई मारतो, एवढेच ते सांगते. त्यात शिक्षा नाही, शाप नाही. नुसते आपल्यासमोर आपले चित्र धरले आहे. खोट्या तराजूबद्दल आपण प्रवचने ऐकतो आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर दुकानदार आणतो. पण तराजूला दोन पारडी असतात. घेणाऱ्याची जीभ हेही एक वजन आहे, आणि ते आपण खुशाल खोटे ठेवतो. वर त्याला हुशारी म्हणतो. मेस्त्रींनी फसू नये म्हणून जे शिकवले ते आम्ही फसवण्यासाठी वापरले, आणि तेही फीसाठी गाडी विकणाऱ्या पोरापुढे.

पुढच्या आठवड्यात मेस्त्रींनीच एक गाडी सुचवली. युनिकॉर्न, २०१४ ची, केए-२२. मालक वारले होते. घरी त्यांची पत्नी आणि शाळेत जाणारी मुलगी. गाडी चौदा महिने गोठ्याशेजारी उभी होती, वर गोणपाट टाकलेले. या वेळी मेस्त्री बरोबर होते. बॅटरी मेली होती, टाकीतल्या पेट्रोलला वास सुटला होता. त्यांनी पेट्रोल बदलले, कार्बोरेटर काढून साफ केला आणि दहा-बारा किका मारल्या. गाडी सुरू झाली. आवाज एकसारखा. धूर नाही. रबरांची झीज मीटरच्या आकड्याशी जुळत होती. चाके एका रेषेत. मेस्त्रींनी आमच्याकडे पाहून डोळ्यांनीच सांगितले की घ्या.

"वहिनी, किती म्हणता?" आम्ही विचारले.

"एक एजंट येऊन गेला होता. अठरा हजार म्हणाला. कागदाचं आम्ही बघून घेतो, तुम्ही फक्त फॉर्मवर यांच्यासारखी सही करा, असं म्हणाला. मला ते बरं वाटलं नाही. तुम्ही वीस द्या आणि घेऊन जा. दारात उभी बघवत नाही."

मेस्त्री आम्हाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "चालू गाडी पस्तीसची आहे. गप्प बसा आणि वीस मोजा."

बंधू-भगिनींनो, इथे खरी परीक्षा होती, आणि ती वाटते तितकी सोपी नव्हती. पैसे आमचे असते तर गोष्ट वेगळी. हे पैसे काजूबियांचे होते, दहा-दहाच्या नोटांचे होते. दुसऱ्याच्या पैशांवर उदार होणे हेही पापच. खजिनदार म्हणाले, "तिनं स्वतः वीस मागितले आहेत. आपण काही खोटं बोललेलो नाही. लोकांचे पैसे वाचवणं हे आपलं काम आहे." यात चुकीचे काय ते पटकन सांगता येईना. आम्ही गोठ्याशेजारी बराच वेळ उभे राहिलो. शेवटी आम्हा दोघांपैकी एकाने विचारले, "परवा त्या पोराला आपण नसलेला दोष सांगितला. आज असलेला गुण लपवला, तर फरक काय पडला?" खजिनदारांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कागद आणा."

मग वहिनींच्या पुढे बसून हिशेब लिहिला. चालू स्थितीत गाडीची किंमत ३५,००० रुपये. तिला चालू स्थितीत आणायचा खर्च असा: दोन्ही टायर-ट्यूब ३,८००, चेन-स्प्रॉकेट १,४००, बॅटरी १,२००, कार्बोरेटर व टाकीची सफाई, ऑइल, प्लग आणि फिल्टर ९००, फोर्कचे ऑइल सील आणि ब्रेक शू ७००. एकूण ८,०००. राहिले २७,०००. "एवढी किंमत होते वहिनी. आमच्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या भावाला विचारा, दुसऱ्या मेस्त्रीला दाखवा." त्या थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "घेणारा माणूस भाव वाढवून सांगतो, हे आजच बघितलं." दोन दिवसांनी त्यांच्या भावाचा फोन आला. त्यांनी चौकशी केली होती आणि २७,००० मान्य होते.

जुनी गाडी घेताना घासाघीस कशी करावी, असे आता कुणी विचारले तर आम्ही हीच रीत सांगतो. चालू गाडीचा भाव घ्यावा, खऱ्या दुरुस्तीचा खर्च एकेक करून लिहावा, वजा करावा आणि तो कागद विकणाऱ्याच्या हातात द्यावा. दोष आहे तर दाखवावा, नाही तर बोलू नये. यात आपलेही नुकसान नाही आणि त्याचेही नाही. समोरचा आपल्याला फसवत असेल तर तोही या कागदापुढे फार वेळ टिकत नाही.

कागदपत्रांना मात्र वेळ लागला. मालक वारलेला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला आणि वारसाचा दाखला लागतो. मग वारसाने २९ आणि ३० वर सही करून विकायची. मेलेल्या माणसाची सही दुसऱ्याने करणे हा गुन्हा आहे, आणि एजंट निघून गेल्यावर तो गुन्हा त्या बाईच्या नावावर राहिला असता. आम्ही वहिनींबरोबर कचेरीत चार खेपा घातल्या. सहा आठवडे गेले. तेवढे दिवस वाड्यांवर चालत आणि दुसऱ्यांच्या गाड्यांवर गेलो. कागद आणि विम्याला ३,५०० लागले. म्हणजे गाडी एकूण ३८,५०० ला पडली आणि ६,५०० शिल्लक राहिले. ते पुढच्या सर्व्हिसिंगसाठी ठेवले आहेत.

समितीत हिशेब मांडला तेव्हा एका सभासदांनी विचारलेच, "वीसला मिळत होती ती सत्तावीसला घेतली? सात हजार कुणाला विचारून दिले?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही एवढेच म्हणालो की ते सात हजार धर्मग्रामाचे नव्हतेच. ते त्या घरचे होते आणि तिथेच राहिले. धर्मग्रामाने गाडीची किंमत दिली, दान दिले नाही. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे वाटत नाही. फादर म्हणाले, "या गाडीवरून ख्रिस्तप्रसाद नेणार आहोत. ती कशी आली हे विचारलेलं बरं." आणि पुढचा विषय घेतला.

आता शेवटचे. आठव्या आज्ञेच्या त्या रविवारपासून मनात एकच होते की त्या पोराकडे परत जायचे. पण आज-उद्या करत राहिलो. कधी कागदांचे निमित्त, कधी पावसाचे. खरे कारण लाज. शेवटी नवी गाडी हातात आल्यावर पहिली फेरी तिकडेच काढली. मध्ये दोन महिने गेले होते.

गाडी विकली गेली होती. शहरातल्या एका दुकानदाराने ३१,००० ला घेतली.

"एवढ्या कमी?" आम्ही विचारले.

"टायमिंग चेनचं काम होतं ना," तो म्हणाला. "मीच सांगितलं त्यांना. लपवायचं कशाला? उद्या त्यांना कळलं असतं तर?"

आमच्या तोंडून शब्द फुटेना. आम्ही सांगितलेले खोटे त्या पोराने खरे मानले आणि प्रामाणिकपणे पुढे सांगितले. त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत त्यालाच मोजावी लागली. तिथेच ओटीवर बसून आम्ही सगळे सांगितले की आवाज नव्हता, आम्ही खोटे बोललो, आम्हाला क्षमा कर. तो ओशाळून हसला. "जाऊ दे मास्तर, झालं ते झालं." आम्ही तिघांनी आपापल्या पगारातून थोडे थोडे काढून एक पाकीट नेले होते. जक्कयाने तर चौपट परत करण्याचे म्हटले होते. आमचे चौपट नव्हते, नुकसानीएवढेही नव्हते. मुलाने पाकिटाला हात लावला नाही. त्याची आई दारात उभी होती. ती म्हणाली, "पैसे नकोत. पण तुम्ही गेल्यावर तो रात्रभर झोपला नव्हता. मेकॅनिकला न दाखवता मी एवढी गाडी चालवली, वाटेत काय झालं असतं, म्हणत होता."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. पापनिवेदन केले, क्षमा मिळाली, यावर आमचा विश्वास आहे. पण क्षमा मिळाली म्हणून त्या घरचे पैसे परत आले नाहीत. ते पाकीट अजून खजिनदारांकडे वेगळे ठेवले आहे. पुढची फी जूनमध्ये भरायची असते. तेव्हा पुन्हा जाणार आहोत. नाही म्हणतील तर पुन्हा पुढच्या वेळी.

गाडी चांगली आहे. पाऊस असो, चिखल असो, एका किकेत सुरू होते. कधी वहिनींच्या घरावरून जाताना मुलगी आवाज ओळखून बाहेर येते आणि आम्ही थांबतो. त्या दुसऱ्या गावावरून जाताना मात्र अजून वेग आपोआप वाढतो. तो कमी करायला आम्ही शिकतो आहोत.

प्रिय वाचकहो, या आठवड्यात आपण सगळेच काही ना काही विकत घेऊ. भाजी, मासळी, म्हैस, जमीन. भाव जरूर करावा. तो पाप नाही. फक्त समोरच्याच्या वस्तूला नाव ठेवण्याआधी क्षणभर थांबून पाहावे की दोष खरोखर दिसतो आहे का.

प्रार्थना करूया: हे प्रभू, तू आमचे तराजू पाहतोस आणि आमची जीभही. विकताना लपवू नये आणि घेताना खोटे सांगू नये, एवढे बळ आम्हाला दे. आमच्या शब्दांनी ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दारी परत जायची लाज आमच्यापासून दूर कर. आणि ते दार उघडेपर्यंत उभे राहायचा धीर दे. आमेन.